बैलालाच विचारून पाहा

बैलगाडा शर्यतींचा वाद न्यायालयांत दशकभराहून अधिक काळ चालला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यतींवर आणि तमिळनाडूतील जल्लीकट्टूवर बंदी घातली, तेव्हा निकालपत्रात बैलाच्या स्वभावाचीही चर्चा झाली. बैल हा मूळचा भक्ष्य-प्राणी, धोका दिसताच पळणारा; शर्यतीत तो धावतो तो भीतीपोटी, असा त्या मांडणीचा गाभा होता. पुढे राज्यांनी कायद्यात दुरुस्त्या केल्या. महाराष्ट्राने ती २०१७ मध्ये केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त मोकळीक मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या. नव्या नियमांमुळे जनावरांची पीडा बऱ्याच अंशी कमी होते, हा त्यामागचा एक आधार. नऊ वर्षांत कायदा बदलला, नियम बदलले, निकालही बदलला. बैल तोच राहिला.

शर्यतीच्या घाटात आजही दोन्ही बाजू तितक्याच खात्रीने बोलतात. गाडामालक सांगतो की खिलार बैलाला धावण्याचीच हौस असते, गर्दीचा आवाज कानी पडला की तो जागेवर उभा राहत नाही. प्राणिमित्र त्याच बैलाच्या त्याच चुळबुळीकडे बोट दाखवून म्हणतात, बघा, किती घाबरला आहे. दोघेही एकच बैल पाहतात आणि दोघांनाही आपापले उत्तर दिसते. अशा वेळी बैलाला नेमके काय वाटते हे तपासण्याची एखादी रीत आहे का, हा प्रश्न वरवर भाबडा वाटेल. पण त्या प्रश्नावर गेली साठ वर्षे काम झालेले आहे आणि हाती बरेच काही लागले आहे.

या कामाची सुरुवात ब्रिटनमध्ये झाली. रूथ हॅरिसन यांचे 'अ‍ॅनिमल मशीन्स' हे पुस्तक १९६४ मध्ये आले. पिंजऱ्यातल्या कोंबड्या आणि अंधाऱ्या खणांत वाढवलेली वासरे यांचे त्यातले वर्णन वाचून इतका गदारोळ झाला की सरकारला ब्रॅम्बेल समिती नेमावी लागली. समितीने १९६५ च्या अहवालात जनावराला निदान उभे राहता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत, असे सांगितले. याच यादीचा पुढे विस्तार होऊन 'पाच स्वातंत्र्ये' तयार झाली आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ च्या निकालात त्यांचा आधार घेतला.

याच समितीची एक शिफारस मात्र फसली, आणि ती फसली हे विज्ञानाच्या दृष्टीने फार बरे झाले. कोंबड्यांच्या पिंजऱ्याच्या तळाला बारीक षट्कोनी जाळी नको, ती पायांना त्रासदायक. जाड तारेची जाळी हवी, असे समितीतल्या जाणत्यांना वाटले. वाटणे साहजिकच होते. माणसाने त्या बारीक तारेवर अनवाणी उभे राहून पाहिले तर त्यालाही तसेच वाटेल. १९७३ मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी कोंबड्यांनाच निवड करू दिली. शेजारी शेजारी वेगवेगळे तळ ठेवले आणि कोंबड्या कुठे जास्त वेळ घालवतात ते नोंदवले. कोंबड्यांची पसंती नेमकी त्या बारीक जाळीला निघाली. पिंजरा चांगला असा याचा अर्थ नव्हे. जनावराच्या वतीने दयाळू माणसाने केलेला अंदाजही चुकू शकतो, एवढाच अर्थ. ऑक्सफर्डच्या मेरियन डॉकिन्स यांनी नंतर हा सगळा खटाटोप दोन साध्या प्रश्नांत बसवला : जनावर निरोगी आहे का, आणि त्याला जे हवे ते त्याच्याकडे आहे का?

आता ताणाकडे. जनावराला ताण आला की मेंदूकडून निरोप निघतो, मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी जागी होते आणि रक्तात कॉर्टिसॉल वाढते. (कोंबड्यांमध्ये हे काम कॉर्टिकोस्टेरॉन करते.) हे संप्रेरक मोजता येते, म्हणून ते मोजण्याचा मोह अनावर असतो. अडचण सुईपासूनच सुरू होते. अनोळखी माणूस आला, मान आवळून धरली, शिरेत सुई गेली, की काही मिनिटांतच कॉर्टिसॉल चढते. म्हणजे मोजण्याच्या कृतीचाच ताण मोजला जातो. म्हणून संशोधक लाळ, दूध, केस आणि शेण यांकडे वळले. शेणाची मोठी सोय अशी की ते गोळा करताना जनावराला हातही लावावा लागत नाही. गायीच्या शेणातले अवशेष साधारण दहा-बारा तासांपूर्वीची स्थिती सांगतात, तर केसांत काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा हिशेब साठलेला असतो. एक म्हणजे रोजकीर्द, दुसरी खतावणी.

भारतात हे तंत्र नवे नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेची लॅकोन्स ही प्रयोगशाळा प्राण्यांच्या विष्ठेतली संप्रेरके तपासण्याचे काम अनेक वर्षे करते आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये पाळीव हत्तींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हैसूरच्या दसऱ्यासारख्या मिरवणुकांत आणि धार्मिक कार्यक्रमांत भाग घेणाऱ्या हत्तींच्या लिदीत ताणाच्या संप्रेरकांचे अवशेष इतर हत्तींपेक्षा जास्त आढळले. सजवलेला, झूल पांघरलेला, लोकांनी हात जोडून पाहिलेला हत्ती आतून काय सोसत होता, हे त्याच्या लिदीने सांगितले.

मग शर्यतीच्या बैलांचे शेण तपासा आणि विषय मिटवा, असे कुणी म्हणेल. तिथेच थांबायला हवे. कॉर्टिसॉल फक्त भीतीने वाढत नाही. धावल्याने वाढते, गायीवर चढलेल्या वळूचे वाढते, आवडीच्या गोष्टीच्या उत्साहातही वाढते. दिवसाच्या वेळेनुसारही ते वरखाली होते. धावलेल्या बैलाचे कॉर्टिसॉल चढलेले मिळाले, तर तो धावला एवढेच सिद्ध होईल. उलटही घडते : दीर्घकाळ हाल सोसलेल्या जनावराची ही यंत्रणा थकते आणि आकडा चक्क सामान्य येतो. कमी कॉर्टिसॉल म्हणजे सुखी जनावर, असा दाखला कुणी पुढे करू लागला तर त्यावर विश्वास ठेवता कामा नये. नाडीचे ठोके, डोळ्याभोवतीचे तापमान टिपणारा अवरक्त कॅमेरा, या साऱ्यांची मर्यादा हीच. भावना किती तीव्र आहे हे ती साधने सांगतात. ती सुखाची आहे की दुःखाची, ते सांगत नाहीत. नॉर्वेतल्या संशोधकांनी गायीच्या डोळ्यातला पांढरा भाग किती दिसतो ते मोजले. चारा दिसतो पण मिळत नाही अशा वेळी तो वाढतो आणि खायला मिळाले की कमी होतो. डोळे पांढरे होणे हा वाक्प्रचार माणसांसाठी राखून ठेवण्याचे कारण नाही. पण तो पांढरेपणाही निव्वळ उत्तेजनेने वाढू शकतो.

सुख-दुःखाची दिशा कळावी म्हणून शोधलेली युक्ती या सगळ्यात अधिक हुशारीची आहे. मन खिन्न असले की माणसाला संदिग्ध गोष्टीतही वाईटच दिसते. रात्री उशिरा फोन वाजला तर आनंदी माणसाला मित्र आठवतो आणि चिंताग्रस्ताला दवाखाना. जनावरांचेही असेच होते का? ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये उंदरांवर हे प्रथम तपासले. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने २०१३ मध्ये हीच कसोटी वासरांना लावली. पडद्यावर एक रंग दिसला की पुढे जायचे, दूध मिळते. दुसरा रंग दिसला की जायचे नाही, गेल्यास नुकसान होते, हे वासरांना शिकवले. मग लाल आणि पांढरा यांच्या मधल्या गुलाबी छटा दाखवल्या. शिंगकळ्या तापल्या लोखंडाने डागण्याआधी वासरे या छटांकडे बऱ्यापैकी आशेने जात होती. डागल्यानंतर त्यांचे जाणे कमी झाले. गुलाबी रंग तोच होता, त्यातून दूध मिळेल ही आशा उणावली होती. वर्षभराने त्याच गटाने दाखवले की आईपासून तोडल्यावरही वासरांचा कल असाच निराशेकडे झुकतो.

हा प्रयोग महाराष्ट्रातल्या वाचकाने जरा सावकाश वाचावा. संकरित वासरांच्या शिंगकळ्या डागणे आपल्याकडे सर्रास चालते. १९६०चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा शिंगे काढणे, खच्चीकरण, डागणे आणि वेसण घालणे या गोष्टी विहित पद्धतीने केल्यास क्रूरतेच्या व्याख्येतून वगळतो. शेती चालायची तर काही कामे टळत नाहीत, हे मान्य. पण ती भूल देऊन आणि वेदनाशामक टोचून करता येतात, आणि तसे केल्याने वासराचे दुखणे कमी होते का, हे तपासण्याची साधने आता उपलब्ध आहेत. तेव्हा 'त्याला काय कळते' हे उत्तर पुरत नाही.

चेहरा आणि आवाज यांचाही अभ्यास पुढे गेला आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मेंढीच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची मोजपट्टी प्रसिद्ध केली. त्यासाठी डोळे किती मिटलेले, गालाचे स्नायू किती ताठ, कान कसे वळलेले, नाकपुड्यांचा आकार कसा, हे पाहून गुण द्यायचे. मेंढपाळ हे पिढ्यान्‌पिढ्या पाहतच आले. फरक एवढाच की दोन अनोळखी माणसांनी स्वतंत्रपणे दिलेले गुण आता जुळवून पाहता येतात. युरोपातल्या एका गटाने २०२२ मध्ये ४११ डुकरांचे ७,४१४ आवाज, जन्मापासून कत्तलखान्यापर्यंतचे, गोळा केले आणि संगणकाला शिकवले. सुखाच्या प्रसंगातला आवाज कोणता आणि दुःखाच्या प्रसंगातला कोणता, हे संगणकाने सुमारे ९२ टक्के वेळा बरोबर ओळखले. 'मुके जनावर' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत रुळलेला आहे. डुकराच्या बाबतीत तरी तो ऐकणाऱ्याच्या कानांविषयी जास्त सांगतो.

या तंत्रांवर आता बाजाराचीही नजर आहे. गळ्यात पट्टा बांधून गायीची पावले, रवंथ, बसण्याचा वेळ मोजणारी उपकरणे मोठ्या गोठ्यांत दिसू लागली आहेत. ती उपयोगी आहेत यात शंका नाही. धडधाकट गाय दिवसाकाठी सात-आठ तास रवंथ करते. तो वेळ घटला तर आजार ताप चढण्याआधीच लक्षात येतो, उपचार लवकर होतात, प्रतिजैविके कमी लागतात, आणि दूध पिणाऱ्याच्या आरोग्याशीही त्याचा संबंध आहेच. पण हे पट्टे मुख्यतः उत्पादनासाठी बनवले जातात. गाय माजावर कधी आली हे ते तत्परतेने कळवतात. तिला आखूड दाव्याचा त्रास होतो का, हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नसतो. भरपूर दूध म्हणजे गाय सुखात, हे समीकरणही तपासून घ्यायला हवे. जास्त दुधासाठीच निवडून वाढवलेल्या गायींमध्ये लंगडणे आणि स्तनदाह यांचे प्रमाण मोठे असते आणि तरीही त्या भरपूर दूध देत राहतात. अंडी घालणाऱ्या पिंजऱ्यातल्या कोंबडीचेही तेच. तिच्या वाट्याला लिहायच्या ए-४ कागदाएवढीही जागा येत नाही, म्हणून ती अंडी घालणे थांबवत नाही. युरोपीय संघाने असे उघडेबोडके पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. भारतात विधी आयोगाने २०१७ मध्ये कोंबड्यांच्या पालनाविषयी अहवाल दिला.

उलट दिशेने मात्र दुवा पक्का आहे. घाबरलेली गाय दूध देत नाही. १९४१ मध्ये एली आणि पीटरसन या अमेरिकी संशोधकांनी धारेच्या वेळी गायींना मुद्दाम दचकवून हे दाखवले : भीतीने अ‍ॅड्रेनालिन सुटते आणि पान्हा सोडणाऱ्या ऑक्सिटोसिनचे काम अडते. महाराष्ट्रातल्या बायकांना त्यासाठी प्रयोगाची गरज नव्हती. गाय 'पान्हा चोरते' हे त्यांना ठाऊक होते, आणि धार काढणारे माणूस बदलू नये, गोठ्यात आरडाओरडा करू नये, हेही ठाऊक होते. त्याच समजुतीची विकृत बाजूही आहे. वासरू मेले की त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवणे किंवा रोज ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचणे, या दोन्ही गोष्टी जनावराला भावना आहेत हे पक्के माहीत असलेल्या माणसांनीच शोधल्या. भावना आहेत की नाहीत, हा वाद गोठ्यात कधी नव्हताच.

तेव्हा प्रश्न मोजण्याचा आहे, आणि त्याहून अधिक, कोण मोजणार याचा. त्यासाठी प्रत्येक वेळी प्रयोगशाळा लागते असेही नाही. युरोपात २००४ ते २००९ या काळात 'वेल्फेअर क्वालिटी' नावाचा मोठा प्रकल्प झाला. त्यातली एक चाचणी कुठल्याही गोठ्यात करता येईल अशी आहे : गव्हाणीच्या बाजूने, हात पुढे करून, गायीकडे संथपणे चालत जायचे आणि ती किती अंतरावर असताना मान मागे घेते ते नोंदवायचे. ज्या गोठ्यात मार बसतो तिथल्या गायी दुरूनच बुजतात. ज्या गोठ्यात हात मायेचा असतो तिथे नाक तळहाताला लागते. मालकाने काहीही सांगितले तरी हे अंतर खोटे बोलत नाही. अमेरिकेत टेंपल ग्रँडिन यांनी कत्तलखान्यांसाठी बनवलेली मोजणी याहूनही साधी. शंभर गुरांपैकी किती घसरली, किती पडली, किती हंबरली आणि किती जणांना विजेची काठी लावली, एवढेच मोजायचे. हंबरणाऱ्यांचे प्रमाण ३ टक्क्यांच्या वर गेले तर कत्तलखाना नापास. १९९९ मध्ये मॅकडोनाल्ड्सने ही मोजणी पुरवठादारांना लागू केली. कत्तलखाने दयाळू झाले असे कुणी म्हणणार नाही, पण निसरडी फरशी दुरुस्त झाली, विजेची काठी कमी झाली, कारण आकडा लपवता येत नव्हता.

शर्यतींच्या बाबतीत नेमके हेच अपुरे आहे. नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र लागते. काठी, चाबूक, विजेचा धक्का वर्ज्य आहे. पण ही सगळी व्यवस्था बैलाला काय केले यावर नजर ठेवते, बैलाला काय झाले हे नोंदवत नाही. घटनापीठाने नियमांमुळे पीडा कमी होते हे गृहीत धरले; ती खरोखर कमी झाली का, हे तपासण्याची जबाबदारी राज्य सरकारची आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाला हे काम सांगता येईल. एकाच हंगामात शर्यतीचे खिलार आणि औताला जुंपलेले खिलार यांची तुलना करायची. शर्यतीच्या आठवडाभर आधीचे आणि आठवडाभरानंतरचे शेण तपासायचे, म्हणजे धावण्याच्या श्रमाने चढलेला आकडा वेगळा काढता येईल. टेम्पोतून उतरताना, घाटात थांबलेला असताना आणि जुंपताना तो मागे सरतो का, अंग टाकतो का, किती वेळा शेण टाकतो, डोळे आणि कान काय सांगतात, याची नोंद बैल कुणाचा हे ठाऊक नसलेल्या निरीक्षकाने चित्रफितीवरून करायची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकदा धावलेला बैल दुसऱ्यांदा त्याच जुवाखाली आपणहून येतो की ओढून आणावा लागतो, हे पाहायचे. गाडामालकांचे म्हणणे खरे असेल तर या तपासणीला त्यांनी घाबरण्याचे कारण नाही. प्राणिमित्रांचे खरे असेल तर त्यांना प्रथमच घोषणेऐवजी पुरावा मिळेल.

अर्थात शर्यतीचे बैल थोडे, आणि त्यांना पेंड, दूध, अंडी खाऊ घालणारे मालक असतात. त्यांच्यावरून इतकी वर्षे भांडण झाले आणि ऊसवाहतुकीच्या बैलांकडे कुणी पाहिलेही नाही. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपू नये, आणि वजनाच्या मर्यादाही त्यात आहेत. हे नियम मोडणाऱ्याला मूळ कायद्यात १०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. गाडीवानाला दोष देऊन सुटका नाही. त्याला टनावर पैसे मिळतात, उचल फेडायची असते आणि खेपा वाढवण्यावाचून त्याच्या हाती काही नसते. बैलावरचा भार कमी करायचा तर त्याच्या मजुरीपासून सुरुवात करावी लागेल, आणि ते काम कारखान्याचे आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते, तेव्हा हळद आणि लोणी लावणाऱ्या हाताला खांद्यावरची सूज कळतेच. गाळप हंगामात तोच खांदा रोज टायरगाडीच्या जुवाखाली जातो. कारखान्याच्या आवारात वजनकाट्यापुढे बैलगाड्यांची लांबच लांब रांग लागलेली असते. गाडी काट्यावर चढते, उसाचे वजन पावतीवर किलोपर्यंत उमटते. त्या रांगेत एक पशुवैद्यक आणि पशुवैद्यक महाविद्यालयाचे दोन विद्यार्थी वही घेऊन उभे राहिले, तर किती बैलांना खांदेसूज आहे, किती लंगडतात, किती धापा टाकतात आणि माणसाचा हात वर गेला की किती जण मान चुकवतात, हे पहिल्याच आठवड्यात कळेल.